मीटर निवडण्याआधी त्याचा इतिहास बघा

पॉवर क्वालिटीवर संशोधन सुरू करताय? मग 'कोणतं उपकरण घ्यायचं?' हा प्रश्न येणारच. कॅटलॉग उघडण्याआधी थोडं मागे जाऊ या. मी गेलो नाही आणि माझं एक सत्र वाया गेलं.

1893 मध्ये फ्रान्सच्या आंद्रे ब्लाँडेल यांनी ऑसिलोग्राफची कल्पना मांडली. 1897 मध्ये इंग्लंडमध्ये विल्यम डडेल यांनी त्यात मोठी सुधारणा केली. एसी विजेचा तरंग प्रत्यक्ष दिसू लागला. रोजच्या वापरातले अनेक मीटर मात्र रेक्टिफाय केलेल्या तरंगाची सरासरी काढून तिला 1.11 ने गुणतात आणि तोच आकडा आरएमएस म्हणून दाखवतात. साइन वेव्हला हे चालतं. स्क्वेअर वेव्हला आकडा 11 टक्के जास्त येतो.

मग कॉम्प्युटर आले. क्षणभराच्या बिघाडानेही ते अडू लागले. 1974 मध्ये आयबीएमच्या ॲलन आणि सेगल यांनी कॉम्प्युटर बसवलेल्या ठिकाणच्या अशा बिघाडांचा अभ्यास मांडला. पुढे खास मॉनिटर आले, पण मोजण्याची पद्धत एकसारखी नव्हती. आयईसी 61000-4-30 या मानकाने 2003 मध्ये ती ठरवून दिली. क्लास ए उपकरणाने 50 हर्ट्झला 10 सायकल, म्हणजे 200 मिलिसेकंदांची खिडकी घ्यायची; डिपसाठी एका सायकलचा आरएमएस, तोही दर अर्ध्या सायकलला नवा. 2008 च्या आवृत्तीत सर्वेक्षणासारख्या कामांसाठी क्लास एस आला.

आता माझी चूक. एका वर्कशॉपमधली यंत्रं अधूनमधून बंद पडायची. मी उसना लॉगर लावला. तो एका मिनिटाचा आरएमएस साठवायचा. कामगार सांगत होते, "सर, दिवा लुकलुकतो की!" मी लॉगरवर विश्वास ठेवला. हिशोब करून बघा: 230 व्होल्ट 80 मिलिसेकंद 92 वर आले, तरी मिनिटाचा आकडा 229.9 येतो. डिप झाला होता, पण माझ्या डेटात त्याचा मागमूस नव्हता.

म्हणून आधी प्रश्न कागदावर लिहा. इतरांच्या आकड्यांशी तुलना करायची किंवा वाद मिटवायचा आहे? क्लास ए घ्या. फक्त सर्वेक्षण? क्लास एस पुरेल. मायक्रोसेकंदांचे ट्रान्झियंट हवेत? तर सॅम्पलिंग तपासा. सायकलमागे 256 नमुने म्हणजे दोन नमुन्यांत 78 मायक्रोसेकंदांचं अंतर. विक्रेत्याला किंमत नंतर विचारा, आधी विचारा, "हे उपकरण काय साठवतं आणि काय टाकून देतं?"

आणि हो, कामगारांचं ऐका.