कोस, मजल आणि घाटाची वाट

मोताळ्याकडून राजूर घाट चढून बुलढाण्याला येणाऱ्या जुन्या काळच्या गाडीवानाला तुम्ही विचारले असते, 'बाबा, अजून किती लांब?' तर तो म्हणाला असता, 'दोन कोस.' तीच वाट उतरताना त्याने 'कोसभर' सांगितले असते, तर नवल नाही. शिकलेली माणसे याला हसतात. मी हसत नाही.

पुस्तकातला कोस पक्का आहे. भास्कराचार्यांनी 'लीलावती'त (इ. स. ११५०) ४ हातांचा एक दंड आणि २,००० दंडांचा एक कोस सांगितला. हात दीड फुटाचा धरला तर हा कोस १२,००० फुटांचा, म्हणजे सव्वादोन मैलांहून किंचित मोठा होतो. पण वाटेवर दंड टाकीत कोण बसणार? तिथे कोस मोजायचा तो बैलाच्या पायांनी आणि दिवसाच्या चढउताराने. बैल ताशी २ मैल चालला आणि ५ तास चालला, की १० मैल झाले. वेगाला वेळेने गुणले की अंतर मिळते. आपली 'मजल' तरी काय? एका दिवसात जितकी वाट होईल तितकी!

१७६७ साली बंगालचा सर्व्हेअर-जनरल झालेला जेम्स रेनेल यानेही हीच युक्ती केली. १७९१ मध्ये त्याने उंटांच्या चालीवर एक निबंधच लिहिला. प्रवाशांच्या रोजनिशीत तांडा किती तास चालला ते सापडे. उंटाची चाल त्याने ताशी सुमारे अडीच मैल धरली, आणि त्यावरून नकाशासाठी अंतरे काढण्याची रीत मांडली. पण ती वाट वाळवंटाची, सपाट. आमचा घाट तसा नाही.

शिक्षकबंधूंनी हे गणित वर्गात जरूर घालावे. चढण ६ मैलांची धरा. गाडी चढताना ताशी दीड मैल, उतरताना ताशी ३ मैल. सरासरी वेग किती? मुले चटकन सव्वादोन म्हणतील. पण चढायला ४ तास लागले, उतरायला २. म्हणजे ६ तासांत १२ मैल, सरासरी २ मैलच. मंद चालीत वेळ जास्त जातो, म्हणून तिचे वजनही जास्त.

ही चूक फळ्यावर खपते, व्यापारात खपत नसे. रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून मिर्झापूरला जाई. खामगावहून ते सरळ रेषेतच सुमारे ५०० मैल. रोज १० मैलांचा हिशेब धरला तर ५० दिवस. बैल प्रत्यक्षात ८ मैलच चालले, तर दोन महिन्यांवर. मधल्या १२-१३ दिवसांत पाऊस गाठी, आणि मग काळ्या चिखलात बैल आणि गोण्यांत भिजलेला कापूस!

१८७० साली जलंब-खामगाव हा रेल्वेचा फाटा सुरू झाला, आणि खामगावचा कापूस मुंबईच्या वाटेला लागला. त्या फाट्याची लांबी अवघी ८ मैल. बैलाची एका दिवसाची मजल.