हिंगणघाटची कबर आणि वैमानिकाचा उंचीमापक

हैदराबाद ते नागपूर अशी सरळ रेघ नकाशावर ओढून पाहा. वर्धा जिल्ह्यातून जाताना ती हिंगणघाटच्या थोडी पूर्वेने जाते. जानेवारी १८२३ मध्ये याच वाटेने हैदराबादहून नागपूरला निघालेला, सत्तरीच्या आसपासचा एक आजारी सर्वेक्षक हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. नाव विल्यम लॅम्बटन. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा आरंभ त्याने केला. त्याच्या हाताखाली काम केलेल्या एव्हरेस्टचे नाव शाळेतल्या प्रत्येक मुलाला ठाऊक असते, लॅम्बटनचे मात्र हिंगणघाटातही फारसे कुणाला नसावे.

त्याचा विमानांशी काय संबंध? विमाने तर त्याच्यानंतर ऐंशी वर्षांनी आली. पण विमान चालवायला शिकणाऱ्याला अगदी सुरुवातीला जे यंत्र समजून घ्यावे लागते त्या उंचीमापकापासून निघालो, तर आपण थेट लॅम्बटनच्या वारशापर्यंत पोचतो.

विमानातला साधा उंचीमापक उंची मोजतच नाही. तो हवेचा दाब मोजतो. आत हवा काढून घेतलेली धातूची पातळ डबी असते. वर जावे तसा बाहेरचा दाब कमी होतो, डबी फुगते आणि काटा फिरतो. कमी उंचीवर दाब एक हेक्टोपास्कलने (म्हणजे जुन्या भाषेत एका मिलिबारने) उतरला, की काटा सुमारे २८ फूट वर सरकतो. पण दाब हवामानानेही बदलतो. म्हणून उड्डाणापूर्वी नियंत्रण कक्षाकडून त्या वेळचा, समुद्रसपाटीला आणून सांगितलेला दाब विचारून घ्यायचा आणि यंत्राच्या छोट्या खिडकीत तो आकडा लावायचा. तो लावल्यावर नागपूरच्या धावपट्टीवर उभ्या असलेल्या विमानाचा काटा शून्य दाखवत नाही, हजार फुटांच्या थोडा पुढे जातो. नवख्याला वाटते यंत्र बिघडले. यंत्र ठीक असते. नागपूरची जमीनच समुद्रसपाटीपासून तेवढी उंच आहे.

आता समजा, विदर्भावर कमी दाबाचा पट्टा सरकला आणि वैमानिकाने १०१२ हा सकाळचाच आकडा ठेवला; खरा दाब १००२ आहे. दहाचा फरक, म्हणजे २८० फूट. काटा दाखवतो त्यापेक्षा विमान तेवढे खाली आहे. धावपट्टीभोवतीची फेरी जमिनीपासून साधारण हजार फुटांवरून घेतात, हे लक्षात घेतले की या चुकीची किंमत कळते. दिवसा निदान जमीन दिसते. ३० जानेवारी १९४९ पासून मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून टपाल घेऊन विमाने मध्यरात्री नागपूरला उतरू लागली आणि पिशव्यांची अदलाबदल करून परतू लागली. अंधारात खाली येणाऱ्या त्या वैमानिकांना काट्यावरच भरवसा ठेवावा लागे.

आणि काट्यावर भरवसा ठेवायचा तर धावपट्टीची उंची आधी कुणीतरी नेमकी मोजलेली हवी.

लॅम्बटनने १० एप्रिल १८०२ रोजी मद्रासजवळ सुमारे बारा किलोमीटरची पायारेषा पोलादी साखळीने मोजायला घेतली. त्रिकोणाची एक बाजू आणि तिच्या टोकांचे दोन कोन कळले, की उरलेल्या बाजू गणिताने निघतात. आठवी-नववीच्या भूमितीइतकेच हे. त्या त्रिकोणावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा अशी साखळी उत्तरेकडे सरकत गेली. कोन मोजणारा थिओडोलाइट सुमारे अर्ध्या टनाचा. १८०८ मध्ये तंजावरच्या देवळाच्या गोपुरावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळले आणि त्याचे वर्तुळ वाकले. लॅम्बटनने स्वतः बसून ते सरळ केले. यंत्र उचलणारे, झेंडे धरून टेकड्यांवर उभे राहणारे, तापाने मेलेले हिंदी लोक किती होते, त्यांची नावे मात्र कुणी कबरीवर कोरली नाहीत.

त्याचा खरा हेतू पृथ्वीचा आकार ठरवण्याचा होता. उंची हे जोडकाम. उभा कोन आणि अंतर यांवरून उंची निघते, पण हवेत प्रकाशकिरण वाकतो आणि चूक शिरते. म्हणून १८५८ पासून पाणसळीच्या यंत्राने, एका काठीपासून दुसऱ्या काठीपर्यंत, पायरी-पायरीने उंची मोजण्याचे काम सुरू झाले. मुंबई, कारवार, मद्रास, कराची यांसारख्या नऊ बंदरांतल्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून समुद्राची सरासरी पातळी धरली आणि १९०९ मध्ये देशभरच्या उंचींचा मेळ घातला. नागपूरचा झिरो माइलचा दगड याच कामातला. देशाचा मध्यबिंदू म्हणून त्याची ख्याती आहे, पण आमच्या मते त्याचे मोल त्यावरच्या उंचीच्या आकड्यात आहे: सुमारे १०२० फूट. काही किलोमीटरवरच्या विमानतळावर काटा हजाराच्या पुढे का जातो, ते इथे उभे राहून मुलांना दाखवता येते.

नागपूरला जाणे जमत नसेल, तर जवळच्या रेल्वे स्थानकाची पिवळी पाटी पाहा. नावाखाली बारीक अक्षरांत समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते. वर्धा, सेवाग्राम, हिंगणघाट असे आकडे मुलांकडून जमवून घ्या, आणि नागपूरहून हिंगणघाटवर आलेले विमान १५०० फूट दाखवत असेल तर ते गावाच्या किती वर आहे, हे गणित घाला. हिंगणघाटला गेलातच, तर कबरही पाहून या.