औषधे आणि वाहनचालन

औषध किंवा मादक द्रव्य घेतल्यावर चालकाची सावधानता, नजर, अंतराचा अंदाज वा ब्रेक मारण्याची तत्परता बिघडू शकते. वसई-विरारलगतच्या मुंबई-अहमदाबाद महामार्गावर (राष्ट्रीय महामार्ग ४८) नाकाबंदीत फुंकायला लावतात त्या यंत्राला फक्त दारू कळते. गोळ्या कळत नाहीत.

कायद्यातही हा फरक आहे. मोटार वाहन अधिनियम, १९८८ मधील कलम १८५ नुसार रक्तात १०० मिलिलिटरमागे ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क आढळला की गुन्हा झाला. अमली द्रव्याबाबत मात्र असा आकडा नाही; वाहनावर ताबा ठेवण्यास चालक असमर्थ होता, हे दाखवावे लागते. शिक्षा दोन्हींना सारखीच: पहिल्या वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद, १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही (२०१९ ची दुरुस्ती).

सर्वांत फसवी औषधे सर्दी-खाजेची. मेंदूला जागे ठेवणारे हिस्टामिन क्लोरफेनिरामाइन आणि फेनिरामाइन (अ‍ॅव्हिल) अडवतात, म्हणून पेंग येते. क्लोरफेनिरामाइनचे रक्तातील प्रमाण निम्मे व्हायलाच २० तासांच्या आसपास लागतात. रात्रीच्या गोळीचा अंमल सकाळी वसई फाट्यावर रिक्षा काढणाऱ्यावर उरलेला असू शकतो. फेक्सोफेनाडिन मेंदूत फारसे शिरत नाही, त्यामुळे चालकांना ते तुलनेने बरे. झोपेच्या झोल्पिडेमचा असर सकाळच्या वाहनचालनावर राहतो म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये स्त्रियांसाठीची मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणली. कोडीनचे खोकल्याचे औषध, अल्प्राझोलाम, ट्रॅमाडॉल हीही याच रांगेतली.

मधुमेहींचे प्रकरण निराळे. इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइड घेऊन जेवण हुकले तर साखर घसरते. घाम, गोंधळ, अडखळते बोलणे. बघणाऱ्याला माणूस प्यालेलाच वाटतो, यंत्र मात्र शून्य दाखवते. अशा वेळी चलानाआधी साखर द्यायला हवी. डोळ्यांच्या तपासणीत बाहुली मोठी करणारे थेंब घातल्यावर काही तास समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात. तेव्हा स्कूटर दुसऱ्याने चालवावी.

ताडीत मद्यार्क असतोच. शिवाय गुंगी आणणारे क्लोरल हायड्रेट मिसळलेली ताडी महाराष्ट्रात अनेकदा पकडली गेली आहे. एमडी (मेफेड्रोन) हे अमली द्रव्य आधी नसते धाडस देते आणि उतरताना थकवा आणते.

फ्रान्समध्ये औषधांच्या खोक्यांवर वाहनचालनाच्या धोक्याच्या तीन पायऱ्या रंगीत चिन्हांनी छापतात. भारतातील पाकिटावरची लाल रेघ डॉक्टरांच्या चिठ्ठीबद्दल आहे. गाडी चालवण्याबद्दल तिच्यातून काही कळत नाही.