निळ्या रक्तातला अलार्म

गेल्या वर्षी आजी हॉस्पिटलमध्ये होती. रात्रभर मी सलाईनचे थेंब बघत बसायचो. एकदा मनात आलं, हे पाणी थेट तिच्या रक्तात चाललंय, ते निर्धोक आहे हे ठरवतं कोण?

उत्तर शोधत पोचलो १९५६ सालात. अमेरिकेत वूड्स होलला फ्रेडरिक बँग हे शास्त्रज्ञ हॉर्सशू क्रॅबवर प्रयोग करत होते. नावात क्रॅब असला तरी हा कवचधारी प्राणी कोळी-विंचवांच्या नात्यातला. रक्त निळं, कारण त्यात तांबं असतं. बँगनी त्याला समुद्रातले जिवाणू टोचले, तर रक्त अंगातच गोठलं. जिवाणू उकळून टोचले तरी तेच!

कारण काही जिवाणूंच्या आवरणात एंडोटॉक्सिन असतं. जिवाणू मेला तरी ते उरतं आणि आपल्या रक्तात गेलं तर ताप येतो, जीवही जाऊ शकतो. म्हणजे नुसतं उकळून भागत नाही.

बँग आणि जॅक लेविन यांनी पुढे दाखवलं, की रक्त गोठवणारा मसाला क्रॅबच्या रक्तपेशींतच असतो. त्यातलं 'फॅक्टर सी' नावाचं प्रथिन एंडोटॉक्सिन ओळखतं आणि एकामागून एक प्रथिनं जागी होतात. गुठळीत जिवाणू अडकतात. त्याच पेशींत जिवाणू मारणारं टॅकिप्लेसिनही असतं. जपानी शास्त्रज्ञांनी ते १९८८ मध्ये शोधलं. अवघी १७ अमिनो आम्लं!

आधी औषध सशाला टोचून त्याला ताप येतो का ते बघायचे. १९७७ मध्ये अमेरिकेत क्रॅबच्या रक्ताच्या चाचणीला परवाना मिळाला आणि लाखो ससे सुटले. आता क्रॅब अडकले. त्यांना पकडून, रक्त काढून परत समुद्रात सोडतात. पण काही मरतातच.

सिंगापूरच्या जीक लिंग डिंग आणि बो हो यांनी १९९० च्या दशकात फॅक्टर सीचं जनुक वेगळं काढलं. त्यावरून ते प्रथिन क्रॅबशिवाय बनवता येऊ लागलं. तरी अमेरिकेच्या औषधसंहितेने अशा चाचण्यांना सरसकट मान्यता दिली ती थेट २०२४ मध्ये.

इतका उशीर का? आम्ही सॉफ्टवेअरवाले म्हणतो ना, 'चालतंय ना, मग हात नको लावू.' इथे चूक झाली तर माणूस दगावेल, म्हणून सावधगिरी समजते. पण त्या सावधगिरीचं बिल इतकी वर्षं क्रॅब भरत होते.

आजी आता घरी आहे, ठणठणीत. तिला ही गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "मग त्या बिचाऱ्याला सोडा की आता."