नाव चुकलं, पण कुलूप सापडलं: एनएफ-कप्पा-बीची गोष्ट

ऐकायला वेळ नाही म्हणणाऱ्यांसाठी आजच्या भागाचा हा मजकूर.

पायात काटा घुसला की थोड्याच वेळात तिथे लाल होतं, सुजतं, ठणकायला लागतं. याला म्हणतात दाह, म्हणजेच इन्फ्लमेशन. त्यासाठी आपल्या पेशी एकदम ढीगभर जीन्स चालू करतात. हे बटण दाबणारं एक मोठं प्रोटीन १९८६ मध्ये सापडलं. गंमत म्हणजे शोधणारे दाहाच्या मागे नव्हतेच.

अमेरिकेत एमआयटीला डेव्हिड बाल्टिमोर यांची प्रयोगशाळा होती (हे १९७५ चे नोबेलवाले). तिथे रंजन सेन पोस्टडॉक होते. अँटिबॉडीचा एक भाग म्हणजे कप्पा साखळी. तिचा जीन बी पेशींमध्येच का चालतो, हा त्यांचा प्रश्न. त्या जीनजवळचा डीएनएचा तुकडा किरणोत्सारी करायचा, पेशीकेंद्रातल्या प्रोटीन्समध्ये मिसळायचा आणि जेलमधून पळवायचा. नुसता डीएनए भरभर सरकतो, प्रोटीन चिकटलेला मागे राहतो. लोकलच्या गर्दीत पाठीवर मोठी सॅक घेऊन शिरलात तर तुमचं जे होतं, तेच.

चिकटणारं एक प्रोटीन बी पेशींमध्येच दिसलं. नाव ठेवलं न्यूक्लिअर फॅक्टर-कप्पा-बी. मी असतो तर तिथेच तिकीट क्लोज केलं असतं!

त्यांनी मात्र कप्पा जीन बंद असलेल्या, अजून पूर्ण न वाढलेल्या पेशी घेतल्या आणि त्यांना एलपीएस दिलं. एलपीएस म्हणजे बॅक्टेरियाच्या बाहेरच्या आवरणातला पदार्थ. लगेच ते प्रोटीन हजर! वाटेल की पेशीने ते नव्याने बनवलं. म्हणून नवी प्रोटीन्स बनणंच थांबवणारं औषध घातलं. तरीही ते आलं. म्हणजे ते आधीपासून तयार होतं, फक्त कुलपात होतं.

शिवाय ते टी पेशींमध्ये आणि रोगप्रतिकाराशी संबंध नसलेल्या हेला पेशींमध्येही जागं करता आलं. म्हणजे नाव सगळीकडून चुकलं: फक्त बी पेशींचं नाही, फक्त कप्पाचं नाही, आणि शांत पेशीत तर ते केंद्राबाहेरच बसलेलं असतं. आमच्या ऑफिसातही अशी फंक्शन्स आहेत, काम एक आणि नाव भलतंच. बदलायला कोणी धजत नाही.

१९८८ मध्ये पॅट्रिक बॉयर्ले आणि बाल्टिमोर यांना कुलूप सापडलं: आयकप्पाबी नावाचं, त्याला धरून ठेवणारं प्रोटीन. धोक्याचा इशारा आला की या कुलपावर फॉस्फेटची खूण लागते आणि पेशी ते मोडीत काढते. सुटलेलं एनएफ-कप्पा-बी केंद्रात शिरतं. एवढी तयारी कशाला? तर काही बॅक्टेरिया अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतात. नवं प्रोटीन बनवत बसायला वेळच नसतो.

मला सगळ्यात आवडतो तो पुढचा भाग. एनएफ-कप्पा-बी जे जीन्स चालू करतं, त्यांत त्याच्याच कुलपाचाही जीन आहे! नवं कुलूप बनतं, केंद्रात जातं आणि त्याला ओढून बाहेर आणतं. लूप लिहितानाच त्यात ब्रेक लिहिलेला. २००२ मध्ये बाल्टिमोर यांच्यासह एका गटाने याचं कॉम्प्युटर मॉडेलही केलं. आणि हा ब्रेक काढला तर? १९९५ मध्ये या कुलपाचा मुख्य जीन काढून टाकलेले उंदीर जन्मले. दहा-एक दिवसांत मेले.

त्याच वर्षी दिसलं, की डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड काही पेशींमध्ये हेच कुलूप वाढवतं. स्टेरॉइड्स दाह दाबतात त्यामागचं हे एक कारण, एकमेव नाही. कोविडमध्ये हे नाव घरोघरी पोचलं. जून २०२० मध्ये ब्रिटनच्या रिकव्हरी चाचणीत व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांमधले मृत्यू त्याने सुमारे एक तृतीयांशाने कमी झाले. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता, त्यांना मात्र फायदा दिसला नाही. आणि आपल्याकडे व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या प्रिस्क्रिप्शन्समध्ये ते पहिल्या दिवसापासून लिहिलेलं असायचं.