तपासणी-नोंदी, औद्योगिक सामग्रीच्या
मोठ्या कारखान्यांतील बाष्पित्रे, दाबपात्रे, नळमार्ग इ. सामग्रीच्या वेळोवेळी केलेल्या तपासणीची माहिती टिपून ठेवण्याची, तिची तुलना करण्याची व तीवरून पुढील उपाय ठरविण्याची पद्धती. या पद्धतीचा उगम बाष्पित्रांच्या स्फोटांमधून झाला.

इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथे १८५४ साली विल्यम फेअरबेर्न प्रभृतींनी बाष्पित्रांचे स्फोट टाळण्यासाठी संघ स्थापन केला व सभासदांच्या बाष्पित्रांची नियमित तपासणी सुरू झाली. अमेरिकेत ब्रॉक्टन येथील पादत्राणांच्या कारखान्यात १९०५ मध्ये झालेल्या स्फोटात ५८ माणसे दगावली. त्यानंतर मॅसॅचूसेट्स राज्याने १९०७ मध्ये बाष्पित्रविषयक नियम केले. भारतात कलकत्ता येथील १८६३ च्या स्फोटानंतर बंगाल प्रांताने १८६४ मध्ये तपासणीचा कायदा केला. पुढे भारतीय बाष्पित्र अधिनियम, १९२३ अन्वये प्रत्येक बाष्पित्रावर नोंदणी-क्रमांक कोरणे आवश्यक ठरले. त्यामुळे मालक बदलला, तरी जुन्या नोंदी त्याच बाष्पित्राशी जोडलेल्या राहू लागल्या. या अधिनियमाची जागा २०२५ च्या अधिनियमाने घेतली.

श्राव्यातीत तरंगांच्या साहाय्याने यंत्रणा न उघडता धातूची जाडी मोजता येऊ लागल्यावर नोंदींचे स्वरूप पालटले. उदा., १० मिमी. जाडीचे कवच चार वर्षांत ९·२ मिमी. झाले, तर झीज वर्षाला ०·२ मिमी. होते. किमान आवश्यक जाडी ७·२ मिमी. असल्यास उर्वरित आयुष्य १० वर्षे ठरते आणि पुढील तपासणी त्याच्या निम्म्या काळात, म्हणजे पाच वर्षांच्या आत, करण्याचा प्रघात आहे. मोठ्या शुद्धीकरण कारखान्यात मापनबिंदू हजारोंच्या संख्येने असल्याने हे काम नोंदवह्यांकडून संगणकाकडे गेले.

तथापि नोंदी विपुल असणे म्हणजे सुरक्षितता नव्हे. कॅलिफोर्नियातील रिचमंड येथील तेलशुद्धीकरण कारखान्यात ६ ऑगस्ट २०१२ रोजी गंधकजन्य संक्षारणाने झिजलेली एक नळी फुटून आग लागली. सुटलेल्या बाष्पाच्या ढगात सापडलेले १९ कामगार थोडक्यात बचावले. या नळमार्गावर अनेक मापनबिंदू होते, परंतु ते मुख्यतः वळणांवर होते. सिलिकॉनचे प्रमाण कमी असल्याने अधिक वेगाने झिजणाऱ्या त्या सरळ तुकड्यावर एकही नव्हता. अशा नळमार्गांचा प्रत्येक भाग तपासावा, ही पूर्वी केलेली शिफारसही परिणामकारकपणे अंमलात आली नव्हती. मापन कोठे घ्यावयाचे याची योग्य निवड आणि केलेल्या शिफारशींचा पाठपुरावा, ही नोंदपद्धतीची दोन प्रमुख अंगे होत, हे या घटनेने स्पष्ट केले.