कुवेतचे सुरक्षाधोरण आणि त्याची ऐतिहासिक बैठक

लहान राज्याचे परराष्ट्रधोरण पुष्कळदा केवळ त्याच्या भौगोलिक स्थितीवरून उलगडले जाते. कुवेतची स्थिती तर बोलकीच आहे. उत्तरेस व पश्चिमेस इराक, दक्षिणेस सौदी अरबस्तान, आणि आखातापलीकडे इराण. परंतु भूगोल तोच असताना या राज्याचे धोरण वेळोवेळी बदलत गेले. या बदलांचे कारण त्याच्या ऐतिहासिक अनुभवांतच शोधावे लागते.

२३ जानेवारी १८९९ रोजी शेख मुबारक अल-सबाह यांनी आखातातील ब्रिटिश रेसिडेंटशी गुप्त करार केला. ब्रिटिशांच्या संमतीवाचून परसत्तेचा वकील ठेवून घ्यावयाचा नाही आणि आपला मुलूख कोणास विकावयाचा वा भाड्याने द्यावयाचा नाही, अशी त्यातील मुख्य कलमे होती. मोबदला १५,००० रुपयांचा ठरला. कारण आखातातील ब्रिटिश कारभार त्या काळी हिंदुस्थान सरकारमार्फत चाले. तुर्की वर्चस्वाला शह देण्यासाठी शेखांनी दूरची सत्ता जवळ केली. १९१३ च्या ब्रिटिश-तुर्की मसुद्यात कुवेतला ऑटोमन साम्राज्यातील स्वायत्त 'कझा', म्हणजे तालुक्यासारखा विभाग, मानण्यात आले. तथापि महायुद्ध सुरू झाल्यामुळे त्या मसुद्यास अंतिम मान्यता मिळाली नाही. पुढे तुर्की सत्तेचा वारसा सांगून इराकने कुवेतला बसरा प्रांताचा भाग ठरविले, तर कुवेतने त्याच इतिहासातील स्वायत्ततेवर बोट ठेवले.

संरक्षक मिळाला तरी त्याचे हितसंबंध वेगळे असतात, हा धडा १९२२ च्या उकैर परिषदेत मिळाला. कुवेत व नज्द यांची सीमा आखताना सर पर्सी कॉक्स यांनी कुवेत ज्यावर हक्क सांगत होता त्या मुलखाचा मोठा भाग इब्न सौद यांच्या पदरात टाकला. विशेष म्हणजे परिषदेत कुवेतची बाजू सांभाळणारा अधिकारी ब्रिटिशच होता.

१९ जून १९६१ रोजी कुवेत स्वतंत्र झाले आणि आठवडाभरातच इराकचे पंतप्रधान अब्दुल करीम कासिम यांनी त्यावर हक्क सांगितला. जुलैच्या आरंभी ब्रिटिश सैन्य उतरले. मात्र काही महिन्यांतच त्याची जागा अरब लीगच्या सैन्याने घेतली. वसाहतवादाविरुद्धच्या त्या काळात ब्रिटिश संगिनींच्या आधारावर टिकणारे राज्य अरब जगात प्रतिष्ठा मिळवू शकले नसते, हे राज्यकर्त्यांनी ओळखले होते. त्याच वर्षाच्या अखेरीस स्थापन झालेल्या कुवेत निधीतून अरब देशांना विकासकर्जे मिळू लागली. १९६३ मध्ये सोव्हिएत संघाशीही राजनैतिक संबंध जोडले गेले. त्याच वर्षी, कासिम यांच्या पतनानंतर, इराकने कुवेतला मान्यता दिली. अनेक मित्र जोडावेत, कोणा एकाचे अंकित होऊ नये, आणि पैशाने सद्भावना मिळवावी, हे धोरण यातून आकारास आले.

२ ऑगस्ट १९९० रोजी या धोरणाचा पाया हादरला. इराण-इराक युद्धात ज्या इराकला कुवेतने मोठी कर्जे दिली, त्यानेच कुवेत गिळंकृत करून त्यास आपला १९ वा प्रांत घोषित केले. अरब राष्ट्रांत दुफळी माजली. जवळजवळ सात महिन्यांनी मुक्ती झाली ती मुख्यतः अमेरिकेच्या नेतृत्वाखालील सैन्यामुळे. इजिप्त व सीरिया यांच्या सैन्यावर आखाताची सुरक्षा सोपविण्याची मार्च १९९१ ची योजना प्रत्यक्षात आली नाही. उलट सप्टेंबर १९९१ मध्ये कुवेतने अमेरिकेशी संरक्षणकरार केला. शेख मुबारकांचाच मार्ग पुन्हा पत्करला गेला, फरक इतकाच की आता तो उघड होता.

तथापि १९६१ चा वारसा पुसला गेला नाही. २०१७ मध्ये कतार व त्याचे शेजारी यांच्यात तंटा उद्भवला, तेव्हा कुवेतने पक्ष न घेता मध्यस्थी केली. २०२१ च्या जानेवारीत झालेल्या समेटात तिचा वाटा होता. शेजाऱ्यांची भांडणे अखेर आपल्या दारी येतात, ही जाणीव त्यामागे होती.

सारांश, कुवेतच्या धोरणात नवा अनुभव जुन्याला हुसकून लावत नाही, त्याच्यावर थर म्हणून बसतो. दूरच्या संरक्षकाची गरज आणि त्याच्याविषयीची सावधगिरी ही दोन्ही त्यामुळे एकत्र नांदतात. अरब राज्यांच्या धोरणांचा अभ्यास करताना 'इतिहासाचा प्रभाव' असे मोघम म्हणून भागत नाही. कोणत्या प्रसंगाची आठवण कोणत्या वेळी प्रबळ ठरली, हे प्रत्येक राज्याच्या बाबतीत स्वतंत्रपणे तपासले पाहिजे.